पूरू आणि देवव्रत : दोन पुत्रांचा त्याग

महाभारतात पित्याच्या सुखासाठी स्वतःच्या तारुण्यावर पाणी सोडणारे दोन राजपुत्र आहेत. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेल्या ययातीला यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या चौघा मुलांनी आपले तारुण्य देण्यास नकार दिला, तेव्हा शर्मिष्ठेचा धाकटा पूरू पुढे झाला. मात्र त्याच्या त्यागाला मुदत होती. तारुण्य परत मिळाले, राज्यही मिळाले, आणि म्हणूनच ही व्यक्तिरेखा उदात्त असली तरी पुढे फारशी उलगडत नाही.

देवव्रताचे तसे नाही. वडील शंतनू यांना सत्यवतीशी विवाह करायचा होता; तिच्या पित्याची अट ऐकून त्याने आधी राज्यावरचा हक्क सोडला आणि पुढे त्याची मुले तो मागतील अशी शंका निघताच आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली आणि तो भीष्म झाला. शंतनू गेला, सत्यवतीचा मुलगा विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, जिच्यासाठी शपथ घेतली ती सत्यवतीच वंश राखण्याची विनवणी करू लागली, तरी भीष्म ढळले नाहीत, कारण एव्हाना प्रतिज्ञेवाचून त्यांना निराळी ओळखच उरली नव्हती. व्यक्तिरेखेची वाढ म्हणून मी भीष्मांनाच वरचढ मानतो; त्यांच्या ओझ्याची किंमत त्यांनी पळवून आणलेल्या आणि प्रतिज्ञेमुळे न स्वीकारलेल्या अंबेलाही मोजावी लागली, आणि व्यासांनी ती झाकून ठेवली नाही.