पुढचा जुना गेम कुठला? आधी ‘थीफ’, बाकीचे मागून

‘सर्वकालीन सर्वोत्तम शंभर गेम्स’ छापाच्या याद्या वाचणं मी सोडून दिलंय. त्या खोट्या असतात असं नाही. कुठला गेम किती मोठा होता हे त्या सांगतात, पण दिवसभराची कामं आटोपल्यावर हातात उरलेल्या दीड तासात कुठला लावावा हे सांगत नाहीत. शिवाय मोठेपणाचा एक तोटा असतो. जो गेम फार गाजला त्याची नक्कल सगळ्यांनी केली, आणि नक्कल करता करता त्यात सुधारणाही केल्या. पंचवीस वर्षांनी आपण मूळ गेम उघडतो तेव्हा सगळं ओळखीचंच निघतं, फक्त जरा ओबडधोबड.

म्हणून माझी कसोटी उलटी आहे. या गेममध्ये असं काय आहे, जे नंतर फारसं कुणी उचललंच नाही? तसं काही सापडलं तर गेम यादीत वर चढतो. सगळंच उचललं गेलं असेल तर तो थांबू शकतो, त्याला काही घाई नसते. या कसोटीला लावल्यावर माझ्या यादीतले मोठमोठे दिग्गज खाली घसरले. ज्यांना हे पाप वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

पहिला घसरला ‘हाफ-लाइफ’. १९९८ साली तो काय होता हे मला कळतं. सुरुवातीचा तो रेल्वेतला लांबलचक प्रवास, गोष्ट सांगण्यासाठी खेळ थांबवून चित्रफीत न दाखवणं, कॅमेरा शेवटपर्यंत खेळणाऱ्याच्याच डोळ्यांत ठेवणं. पण त्यानंतरचे नेमबाजीचे निम्मे गेम याच पायावर उभे आहेत, आणि त्यातले चारदोन तरी तुम्ही खेळून बसलेला आहात. नवीन वाटण्यासारखं उरतं ते शेवटच्या झेन नावाच्या परग्रही भागातलं उड्या मारणं, आणि ते कुणाला परत आणावंसं वाटलं नाही यात आश्चर्य नाही. ‘ब्लॅक मेसा’ म्हणजे चाहत्यांनी ‘हाफ-लाइफ’ची नव्याने बनवलेली आवृत्ती. २०२० साली पूर्ण झालेल्या या आवृत्तीत त्यांनीच तो भाग नव्याने रचला. कुतूहल असेल तर सरळ तोच खेळा. ‘ऑकारिना ऑफ टाइम’चंही तेच. शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरण्याची त्याची युक्ती इतकी मुरली आहे, की ती कुणीतरी शोधून काढली होती हेच विसरायला होतं.

आता ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’. हाही १९९८चाच, लुकिंग ग्लास स्टुडिओजचा. तुम्ही गॅरेट नावाचे चोर. समोरासमोर लढलात तर एकच पहारेकरी भारी पडतो, दोन आले तर खेळ आटोपला. म्हणून अंधारात राहायचं. पडद्याच्या तळाशी एक मणी आहे. तुम्ही उजेडात असलात की तो उजळतो, अंधारात काळा पडतो. भिंतीवरची मशाल पाण्याच्या बाणाने विझवता येते. इथपर्यंत ठीक, लपूनछपून चालण्याचे गेम पुढे ढिगाने आले आणि त्यांनी उजेडाचा हिशेब यातूनच घेतला.

आवाजाचा हिशेब मात्र बहुतेकांनी सोडून दिला, आणि ‘थीफ’चा खरा जीव तिथेच आहे. गालिच्यावर चाललात तर काही ऐकू जात नाही. फरशीवर किंवा लोखंडी जाळीवर तेच पाऊल खणखणतं, आणि शेजारच्या खोलीतला माणूस “कोण आहे तिकडे?” म्हणत निघतो. आवाज भिंतीतून आरपार जात नाही, दारांतून आणि मार्गिकांमधून वळणं घेत येतो. त्यामुळे हेडफोन लावून बसलं की पहारेकरी कोपऱ्यापलीकडे आहे, दार उघडं आहे, आणि तो आपल्यापासून लांब चाललाय, हे सगळं कानांनी कळतं. माझं निम्मं खेळणं डोळे मिटून झालं असतं तरी चाललं असतं. आधी ऐकायचं, मग हलायचं. शेवाळाचा बाण मारला तर खणखणत्या फरशीवर मऊ गादी पसरते. ती गादी नेमकी कुठे पसरायची, कारण बाण मोजकेच आहेत, यावर मी हिशेबवहीसारखा विचार करत बसते.

दुसरी सोडून दिलेली गोष्ट म्हणजे नकाशा. आजच्या गेममध्ये कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात ठिपके असतात, आपण ठिपक्याकडे चालत जातो आणि आजूबाजूचं शहर पाहतच नाही. गॅरेटकडे असतो हाताने काढलेला कच्चा नकाशा. त्यावर ‘इथे स्वयंपाकघर असावं’ इतपतच खुणा, आणि आपण साधारण कुठल्या भागात आहोत एवढाच अंदाज. पहिल्याच कामगिरीत लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात शिरायचं असतं. तिथून राजदंड उचलेपर्यंत मला तो वाडा पाठ झाला होता: कुठल्या जिन्याला गालिचा आहे, कुठल्या दिवाणखान्यातली फरशी दगा देते. पुढे कॉन्स्टंटाइनच्या वाड्याची कामगिरी येते. तिथे तर वास्तूच विक्षिप्त आहे, आणि नकाशा बहुतेक कोरा. नकाशा भरवशाचा नसण्याची भीती काय असते, हे तिथे पहिल्यांदा समजतं.

अवघडपणाच्या तीन पायऱ्या आहेत आणि इथेही गंमत आहे. वरची पायरी निवडली की कामंच वाढतात: अजून माल उचला, अमुक वस्तूही आणा, आणि ‘एक्स्पर्ट’वर माणसं मारायची नाहीत. मला ही रीत फार आवडते. चोर हुशार असेल तर त्याला खून कशाला करावा लागेल? मधल्या ‘हार्ड’ पायरीपासून सुरुवात करा. ‘नॉर्मल’वर काम इतकं लवकर उरकतं की वाडा नीट पाहून होत नाही.

दोषही सांगते. माणसांचे चेहरे कागदी खोक्यांसारखे टोकदार आहेत. तलवारबाजी चिखलात चालल्यासारखी आहे, पण ती करायचीच नसल्याने मला फरक पडला नाही. खरी कुरकुर मेलेल्यांबद्दल आहे. दुसऱ्या-तिसऱ्या कामगिरीपासून थडगी, भुयारं आणि चालती प्रेतं येतात, आणि माणसांच्या गप्पा चोरून ऐकण्याची मजा तेवढी कमी होते. अगदी सुरुवातीला दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल बोलत उभे असतात. प्रेतं असलं काही बोलत नाहीत. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात, ‘द मेटल एज’मध्ये, प्रेतं कमी आणि माणसं जास्त आहेत. तरी सुरुवात पहिल्यापासूनच करावी, कारण भीती पहिल्यात आहे.

विकत मिळते ती बहुधा ‘थीफ गोल्ड’, १९९९ची वाढीव आवृत्ती. तिच्यात तीन कामगिऱ्या जास्त आहेत. त्यातली चोरांच्या टोळीची कामगिरी म्हणजे गटारांचं न संपणारं जाळं. तिथे जीव रमला नाही तर पायरी खाली आणून उरका, त्यात काही लाज नाही. या गेमच्या इंजिनासाठी, म्हणजे तो ज्या मूळ प्रणालीवर चालतो तिच्यासाठी, २०१२ साली एक अनधिकृत सुधारणा बाहेर आली. तेव्हापासून तो आताच्या संगणकांवर आणि रुंद पडद्यांवर नीट चालतो. ‘टीफिक्स’ नावाच्या संचात ती एकत्र बांधून मिळते. खेळ सुरू करण्यापूर्वीच तो बसवा, अर्धवट खेळून झाल्यावर नको.

‘थीफ’नंतर माझ्या हिशेबाने ‘फॉलआउट’, १९९७चा पहिलावहिला. लोक पुढच्या भागांवरून पाठीमागे येतात आणि त्याच्या छोटेपणाने चकित होतात. पण त्याच्याकडे घड्याळ आहे. भूमिगत तळघरातला पाणी शुद्ध करणारा भाग बिघडलाय, दीडशे दिवसांत नवीन शोधून आणा, नाही आणलात तर सगळे तहानेने मेले आणि गेम खलास. आजच्या विस्तीर्ण गेम्समध्ये जग संकटात असतं आणि नायक महिनाभर मासे पकडत बसतो. कुणाचं काही अडत नाही. इथे एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाण्यालाही किंमत आहे. पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन शंभर दिवस वाढवून घेता येतात, हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण घड्याळाच्या धसक्याने अनेकजण मध्येच सोडतात. आणखी एक: बुद्धी अगदी कमी ठेवून पात्र बनवलं तर ते हुं-हां पलीकडे बोलतच नाही आणि सगळं जग त्याच्याशी तसंच वागतं. दुसऱ्यांदा खेळलात तर करून बघा. सामानाची खिडकी मात्र भयंकर आहे. एकेक वस्तू खाली सरकवत बसायची, तिला कसलीही रचना नाही.

‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ याच पंगतीतला, १९९९चा. शवागारातल्या दगडी ओट्यावर जाग येते, नाव आठवत नाही, आणि पहिला भेटणारा म्हणजे एक उडती, वात्रट कवटी. इथे तलवारीपेक्षा शहाणपण आणि बुद्धी वाढवलेली जास्त कामी येते, कारण खरा खेळ संवादांमध्ये आहे. लढाया कंटाळवाण्या आहेत आणि त्या टाळता येतील तेवढ्या टाळाव्यात. वाचायला पुष्कळ लागतं. दमून आलेल्या संध्याकाळी हा लावू नका, दोन ओळींत डोळे मिटतील. सलग सुट्टी असेल तेव्हाच काढा, आणि २०१७ची सुधारित आवृत्ती घ्या.

उलट, हातात एकच संध्याकाळ असेल तर ‘अनदर वर्ल्ड’. १९९१, एरिक शाही या फ्रेंच माणसाने जवळपास एकट्याने बनवलेला. पडद्यावर एक आकडा नाही, किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी नाही, काय करायचं हे कुणी सांगत नाही. दर मिनिटाला मरायचं आणि मरून शिकायचं. दोनतीन तासांत संपतो. ज्यांना मरणाचा राग येतो त्यांनी वाटेला जाऊ नये.

माझ्या कसोटीत न बसणारा एक गेम आहे आणि तरी तो मी सोडत नाही: ‘क्रोनो ट्रिगर’, १९९५. यातलं बहुतेक सगळं पुढे उचललं गेलं. एकदा संपवून सगळी कमाई घेऊन पुन्हा सुरू करणं, कधी संपवलं त्यावर बदलणारे शेवट, वगैरे. पण त्याची चाल कुणाला जमली नाही. वीस-पंचवीस तासांत इतकी युगं फिरवून आणतो आणि एकही तास उगाच घालवत नाही. त्याच जातीचे आजचे गेम वीस तासांत कुठे प्रस्तावना संपवतात. म्हणजे नेमकं सांगायचं तर तोही बसतोच कसोटीत. आटोपशीरपणा कुणी उचलला नाही.

तासांचा अंदाज घेण्यासाठी मी ‘हाऊ लाँग टू बीट’ हे संकेतस्थळ पाहते. खेळाडूंनीच भरलेले आकडे असतात: नुसती मुख्य गोष्ट किती, सगळं खणून काढायला किती. उपयोगी आहे, पण जुन्या गेम्सच्या बाबतीत त्यात दीडपट मिळवा. तो आकडा संपवलेल्यांचा आहे, आणि जुना गेम आज संपवणाऱ्यांत त्याला आधीपासून ओळखणारे बरेच असतात.

एक अडचण मात्र कुठल्याही कसोटीने सुटत नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के दुकानात मिळेनासे झालेले आढळले. ‘इको’चं उदाहरण घ्या. २००१चा, एका मुलीचा हात धरून किल्ल्यातून बाहेर पडण्याचा गेम. हात धरण्यासाठी बटण दाबूनच ठेवावं लागतं, बोट उचललं की हात सुटतो. हे मला दुसरीकडे कुठे भेटलं नाही. पण तो संगणकावर आलाच नाही, आणि जुनं प्लेस्टेशन बाळगणारं कुणी ओळखीचं असेल तरच जमायचं. असं कुणी भेटलं तर मात्र यादीचा क्रम बाजूला ठेवा. ‘थीफ’ संगणकावर थांबतो, उसना आणलेला खोका परत द्यायचा असतो.