गोव्याचा ब्लूज की काठीची होळी? सुट्टी एकच असेल तर

भाच्याचा फोन आला तेव्हा ओट्यावर शेवटच्या वेचणीचा कापूस पडला होता आणि मी आणि ताई गाठोडी बांधत होतो. पोरगा पुण्यात नोकरीला, संध्याकाळी गिटार वाजवतो, आणि वर्षाच्या सुट्ट्यांपैकी हाती उरलेल्या मोजून चार. "मामा, मार्चमध्ये गोव्याला एका छोट्या गावात, समुद्राच्या कडेला, ब्लूजचा कार्यक्रम आहे. मित्र म्हणतात चल. आणि तू दरवर्षी सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचं लावून धरतोस. कुठे जाऊ, सांग."

ब्लूज म्हणजे काय, असं ताईने विचारलं. दुःखाची गाणी, असं मी घाईत सांगून टाकलं. ती गाठ आवळता आवळता म्हणाली, "मंग रडाकरता गोवाले जानं पडस का?"

मी गोव्याला अशा कार्यक्रमांना दोनदा जाऊन आलोय, काठीला चार वेळा. दोन्हीकडे पैसे घातलेत आणि दोन्हीकडे एकेकदा पस्तावलोय. भाच्याला फोनवर सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं. त्याच पेचात असलेल्यांसाठी हे सविस्तर.

आधी गोवा. समुद्रकाठच्या लहान जागेचा मोठा गुण म्हणजे वाजवणारा तुमच्यापासून चार हातांवर असतो. दुसऱ्या खेपेला मी पुढच्याच टेबलावर होतो. गिटारवाल्याने डाव्या करंगळीत काचेची नळी घातली होती, बाटलीच्या मानेसारखी. ती तो तारेवर दाबत नव्हता, नुसती टेकवून सरकवत होता. आपल्याकडे सतारीवर किंवा सारंगीवर मींड घेतात तसा सूर एका जागेवरून दुसरीकडे वाहत जायचा, आणि गंधारापाशी आला की कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी रेंगाळायचा. ब्लूजचं सगळं दुखणं त्या अधल्यामधल्या जागेत आहे. रेकॉर्डवर ती जागा ऐकू येते, पण ती बोटाने कशी सापडते हे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. मधेच त्याची एक तार तुटली. नवी चढवताना तो बोलत राहिला, ढोलकवाला (म्हणजे ड्रमवाला, पण मला तो शब्द अजून जिभेवर बसत नाही) हलका ठेका धरून राहिला, आणि ती तीन मिनिटं मला अख्ख्या कार्यक्रमात जास्त आवडली.

आता दोष. अशा जागा मुळात खाण्यापिण्याच्या. गाणं अगदी हळू आवाजात आलं आणि नेमकं तेव्हाच मागे कोणीतरी मिक्सर लावला. बर्फ फुटण्याचा आवाज, शेजारच्या टेबलावर वाढदिवस. पहिल्या खेपेचं तर काय सांगू. बाहेर फळ्यावर 'ब्लूज नाइट' लिहिलेलं, आत तासभर जुनी हिंदी सिनेमाची गाणी. मी घरी मोबाइलवर ऐकली असती ती. तेव्हापासून जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारतो: वाजवणारे कोण, जागा उघडी की बंद, आणि सुरुवात खरोखर किती वाजता. दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावे लागतात, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. साडेआठचा कार्यक्रम नऊला सुरू झाला की तुमच्या वाट्याला एक तास. बंद खोलीत असेल तर जास्त वेळ मिळतो, पण मग समुद्र कशाला हवा होता?

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. गोव्याच्या मातीतलं गाणं म्हणजे मांडो, देखणी. ब्लूज तिथे पाहुणा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी नदीच्या सपाट, काळ्या जमिनीवरून निघून तो फार लांब आलाय. म्हणून गोव्यातला चांगला वादक दोन गाण्यांच्या मधे जरा समजावून सांगतो, हे कुठलं, कुणाचं. काठीला कोणीही काही समजावत नाही.

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव. नंदुरबारहून अक्कलकुवा, तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी, मग काठी. इथली राजवाडी होळी फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री असते, पण पेटते पहाटे. रात्रभर डोंगरातल्या पाड्या-पाड्यांवरून माणसं ढोल घेऊन उतरत राहतात. होळीचा दांडा म्हणजे एक उंचच उंच बांबू. त्याचा खड्डा हाताने उकरायचा, अवजार लावायचं नाही. नवस असलेले पुरुष आधीचे काही दिवस कडक पाळणी धरतात, अंगावर राखेचे नि तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला मोठी घुंगरं आणि वाळलेले दुधी. त्यांना बुध्या म्हणतात. बावा, मोरखी असे आणखी नवसकरीही असतात. घेराच्या नाचात शेकडो माणसं एका लयीत फिरतात.

ऐकायला काय मिळतं? पहिल्या वर्षी मी गोंधळून गेलो होतो. स्टेज नाही, माइक नाही, तोंड तुमच्याकडे करून कोणी वाजवत नाही. एका घोळक्याजवळ उभे राहिलात तर एक ठेका, वीस पावलं सरकलात तर दुसरा, आणि दोन घोळक्यांच्या मधे उभे राहिलात तर दोन ठेके छातीत एकमेकांवर आपटतात. मोठ्या ढोलाचा आवाज कानाआधी बरगड्यांना कळतो. घुंगरं एका माणसाची वेगळी, शंभर माणसांची वेगळी: ती पावसासारखी येतात, पलीकडून सुरू होऊन तुमच्यावरून निघून जातात. तिसऱ्या वर्षी कुठे माझा कान बसला आणि ढोलाच्या खालून थाळी आणि बासरी वेगळी ऐकू यायला लागली. तेव्हा एका रात्रीत सगळं कळेल अशा हिशेबाने जाऊ नका.

शब्द तर जवळपास नाहीतच तुमच्या वाट्याला. भाषा आमचीही नाही, खान्देशातली अहिराणी बोलणाऱ्यालाही ती पुरती लागत नाही. गोव्यात इंग्रजी तरी थोडीफार पकडता येते, आणि ब्लूजची बांधणी सोपी असते: ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीने उत्तर द्यायचं. बारा मात्रांचा नाही, बारा मापांचा (बारचा) फेरा, आणि त्यात तीनच मुख्य कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांचा आधार. आपल्याकडच्या वहीगायनात पुढचा म्हणतो आणि मागचे डफावर उचलून धरतात, ते ऐकलेल्याच्या कानाला हे परकं वाटणार नाही. गायकाने ओळ टाकायची आणि गिटारने तिला हुंकार द्यायचा, हा झिलकऱ्याचाच धंदा.

इथे जरा थांबतो, कारण माझ्यासारख्या कापूसवाल्याला ब्लूज का भिडतो ते या जागेत आहे. १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपली, पण मिसिसिपीच्या त्या पट्ट्यात बहुतेक काळ्या माणसांच्या हाती जमीन आली नाही. ती बटाईने कापूस पिकवू लागली. बियाणं, मीठ-पीठ, कपडा मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचा, आणि वेचणी संपल्यावर हिशेब. हिशेब मालक लिहिणार. बहुतेकांच्या नावावर वर्षाअखेर बाकीच निघायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं नवं साल ठरतं आणि जुनी उचल फिटलेली नसते, हे ज्याने आमच्याकडे पाहिलंय त्याला ब्लूजमधलं सावकारापायीचं रडगाणं भाषांतर न करता कळतं. आणि गंमत बघा, ज्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५, ती गुलामगिरी मोडली, त्याच युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, आणि खान्देशच्या पेवात सोनं आल्यासारखं झालं. तिकडे ज्या पिकापायी माणूस गाऊ लागला, त्याच्या भावाचा चढउतार आमच्या आजे-पणज्यांनी भोगला.

पुढे तीच माणसं रेल्वेने उत्तरेला गेली. ब्लूजचा नावाजलेला गायक-गिटारवाला मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतला कापूस सोडून शिकागोला गेला, आणि गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. सातपुड्यातली माणसंही ऊसतोडीला, बांधकामाला गुजरातकडे जातात. फरक एवढाच की होळीला ती परत येतात. पोरांच्या हातात नवे मोबाइल, पायात नवे बूट, आणि मध्यरात्री तीच पोरं घेरात. मिसिसिपीचं गाणं माणसांबरोबर गाव सोडून गेलं आणि जगभर झालं. काठीचं गाणं माणसांना ओढून परत आणतं, म्हणून ते काठीलाच ऐकावं लागतं. माझ्या लेखी दोन्हींमधला खरा फरक हा, बाकी सगळी सोय-गैरसोय.

ती सोय-गैरसोयही सांगून टाकतो. भुसावळ-जळगावहून मडगावला थेट गाड्या आहेत, गोवा एक्स्प्रेस किंवा मंगला, पण रात्र आणि वर बराचसा दिवस गाडीत जातो. राहणं, जेवण, भाड्याची स्कूटर, सगळं विकत. काठीला तिकीट नाही, हॉटेल नाही, झोपही नाही. आम्ही पाच जण मिळून जीप करतो, संध्याकाळी मोलगीला पोचतो, तिथेच जेवून घेतो. गाडी गावाच्या बरीच अलीकडे लावावी लागते. एकदा मोबाइलला रेंज नव्हती आणि ड्रायव्हर गर्दीत हरवला, पहाटे साडेसहापर्यंत आम्ही एका झाडाखाली एकाच घोंगडीत चौघे कुडकुडलो. मार्च असला तरी डोंगरात पहाटेचा गारवा चावतो. घोंगडी माणशी एक घ्या. बुध्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि टॉर्चचा झोत कुणाच्या तोंडावर मारू नका. तो त्यांचा नवस आहे, तुमच्यासाठी मांडलेला खेळ नाही. दारू पिऊन नाचायला मिळेल म्हणून जाणारे दरवर्षी दिसतात. त्यांच्यासाठी गोवा बरा, तिथे ते गिऱ्हाईक तरी ठरतात.

ताई सोबत असेल, म्हणजे साठीच्या पुढचं माणूस असेल, तर काठी नको. घाट, रात्रभर उभं राहणं, आडोशाची सोय नाही. गोवा चालेल, पण तिला गाणं आवडेल याची हमी मी देणार नाही.

मुंबईचा पर्याय लोक विचारतात. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला. तो साधारण फेब्रुवारीत असतो, आणि बडी गायसारखा शिकागोचा म्हातारा वाघ तिथे येऊन वाजवून गेलाय. मोठी नावं एका छताखाली ऐकायची तर तेच ठिकाण, आणि आपल्याकडून एका रात्रीच्या गाडीवर. पण बोटं दिसायची नाहीत, पडद्यावर दिसतील. आपल्या खान्देशातल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला घोड्यांच्या बाजारासाठी जा, तमाशासाठी जा, मजा आहे. या तुलनेत मात्र मी ती धरत नाही, कारण तिथल्या कर्ण्यांच्या गदारोळात ढोलकी ऐकणं म्हणजे गिरणीत बसून कीर्तन ऐकणं.

तर निवाडा. हातात वाद्य असलेल्याने, मग ते गिटार असो की पेटी, पहिली सुट्टी गोव्याच्या लहान जागेला द्यावी. फोन करून, खात्री करून, पुढचं टेबल धरून. बोटांची विद्या डोळ्यांनी चोरावी लागते आणि त्यासाठी चार हातांचं अंतरच हवं. ज्याला वाजवायचं नाही, नुसतं ऐकायचंय, त्याने काठीला जावं आणि लागोपाठ दोन वर्षं जावं. एकदाच जायचं असेल तर मी आग्रह करणार नाही, तुम्ही दमून परत याल आणि 'नुसता ढोल होता' म्हणाल. तीन दिवसांपेक्षा कमी सुट्टी असेल तर गोव्याचा विचारच सोडा, गाडीतच जाईल ती. आणि होळीच्याच दिवशी गोव्याला कोणी बोलावत असेल तर आधी तिथला कार्यक्रम नक्की ब्लूजचा की रंगांचा ते विचारा.

भाच्याला मी गोवा सांगितलं. ताईला ते पटलं नाही. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी घरी यायला बजावलं: रोट खायचे, रात्रभर बायांची गाणी ऐकायची, तिकीट लागत नाही, सोमवारी नदीवर बोळवण करून परत जायचं. "गिटार आनजो," ती म्हणाली, "पन बाया म्हनतीन तवयच वाजाडजो."