दोन दिवे गेले, बिल आठांचं: एलईडी पॅनेलच्या दुरुस्तीत कसं फसवतात

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतला हा प्रकार. हॉलच्या पीओपी सीलिंगमध्ये १२ वॉटची आठ गोल पॅनेल. त्यातली दोन बंद पडली. एक एकदम गेलं, दुसरं आधी बरेच दिवस लुकलुकत होतं. घरच्यांनी पॅनेलच्या कंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर सर्व्हिस सेंटर शोधलं, सगळ्यात वर आलेल्या मोबाइल नंबरवर फोन केला आणि थोड्याच वेळात माणूस हजर झाला. गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर. जाताना त्याने दिलेलं बिल असं: ड्रायव्हर (घरची वीज पॅनेलला हवी तशी करून देणारी छोटी डबी) ८ नग, दर ६५०, म्हणजे ५,२०० रुपये. एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) १,२००. टेस्टिंग ५००. व्हिजिट ३००. बेरीज ७,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२९६. एकूण ८,४९६ रुपये, तेही कुणाच्या तरी खासगी नावावरच्या यूपीआयवर.

खरा बिघाड एवढाच होता की एका पॅनेलचा ड्रायव्हर गेला होता. दुसऱ्याचं पॅनेलही ठीक होतं आणि ड्रायव्हरही. दोघांना जोडणारी पिन तेवढी हिरवट-काळी पडून संपर्क सुटत होता. १२ वॉटचा बरा ड्रायव्हर किरकोळ दुकानात साधारण शंभर ते दोनशे रुपयांना मिळतो. मजुरी धरली तरी हे पाच-सहाशे रुपयांच्या आतलं काम. शिवाय पॅनेल वॉरंटीत होती, म्हणजे मूळ बिल दाखवलं असतं तर ड्रायव्हरचेही पैसे पडले नसते.

हे उघड झालं ते नंतर सोसायटीच्या वायरमनने पॅनेल खाली उतरवली तेव्हा. दोन कटआउटमध्ये (पॅनेल बसवायच्या भोकांत) ‘नवा’ म्हणून लावलेला ड्रायव्हर जुनाच होता. वर कोरं स्टिकर, पण कव्हरच्या खाचेत पीओपीची पांढरी भुकटी आणि एका कडेला उष्णतेने पिवळी पडलेली पट्टी. आणखी तीन ठिकाणी काढलेले जुने ड्रायव्हर हाताने आत ढकलून दिलेले होते. ते एकेक करून पॅनेलला जोडले, तिन्ही पेटले. उरलेले जुने ड्रायव्हर ‘ई-कचऱ्यात टाकतो’ म्हणून तो माणूस घेऊन गेला होता. चालू स्थितीतले ड्रायव्हर असे फुकटात हाती आले की ते पुढच्या घरी साडेसहाशेला लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता त्याने पटवलं कसं ते नीट बघा, कारण घरातली माणसं शिकलेली होती आणि समोर मीटर लावून ‘पुरावा’ दाखवला गेला होता. ठाण्यात, नवी मुंबईत हीच बोलणी थोड्याफार फरकाने ऐकू येतात.

पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सर्ज आली होती, सगळे ड्रायव्हर वीक झालेत, आज ना उद्या जाणारच.’ सर्जने, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीने, ड्रायव्हर जळतात हे खरं. पण जळतो तो जळतो. जो नीट प्रकाश देतोय तो सर्जच्या नावाखाली बदलायचं कारण नाही. इमारतीच्या केबलचा न्यूट्रल (परतीची तार) सुटून व्होल्टेज खरंच चढलं, तर ते हॉलमधले दोन दिवे निवडून जाळत नाही. त्याच फेजवरचा राउटर, टीव्ही, फ्रिज, शेजारच्या घरातल्या वस्तू, सगळीकडे झळ पोचते. घरात बाकी सगळं सुरळीत असेल आणि दोनच पॅनेल गेली असतील, तर सर्जची गोष्ट तिथेच थांबवा.

दुसरी युक्ती मीटरची. पॅनेल काढून बाजूला ठेवलं, ड्रायव्हर चालू ठेवला आणि त्याच्या सुट्या पिनेवर मीटर लावला. ड्रायव्हरवर छापलेलं २४ ते ४२ व्होल्ट, मीटरवर पन्नासच्या पुढे. ‘बघा, ओव्हरव्होल्टेज मारतोय, पॅनेल जाळून टाकेल.’ पाहणाऱ्याला हे शंभर टक्के पटतं, आणि ते साफ चूक आहे. हा ड्रायव्हर व्होल्टेज नव्हे, करंट धरून ठेवतो. ३०० मिलीअँपिअर वाहायला जेवढं व्होल्टेज लागेल तेवढं तो देतो. पॅनेलच जोडलेलं नसेल तर करंट वाहत नाही, मग तो आपल्या कमाल मर्यादेपर्यंत चढतो. काही ड्रायव्हर त्या मर्यादेला पोचले की बंद होतात आणि पुन्हा सुरू होतात, त्यामुळे आकडा सारखा वरखाली होतो. हे दोन्ही चांगल्या ड्रायव्हरमध्येही दिसतं. पॅनेल जोडलेलं असताना घेतलेलं रीडिंगच कामाचं.

तिसरी युक्ती उलट्या बाजूने. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पॅनेलच्या दोन तारांना लावायचा. मीटर ‘ओएल’ (मापाच्या पलीकडे) दाखवतो. ‘पॅनेल ओपन झालं, एलईडी गेले.’ १२ वॉटच्या पॅनेलमध्ये बहुधा बारा एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, म्हणजे पूर्ण माळेला ३६ च्या आसपास. साध्या मीटरच्या डायोड टेस्टमधून निघतं जेमतेम ३ व्होल्ट. तेवढ्याने माळ हलणारच नाही, म्हणून ठणठणीत पॅनेललाही ‘ओएल’च येतं. शंका आली तर त्याला म्हणा, हीच टेस्ट आता पेटत असलेल्या पॅनेलवर करून दाखव.

निऑनचा टेस्टर ड्रायव्हरच्या आउटपुटला लावून ‘लीकेज आहे’ म्हणतात, त्याचंही तेच. फिल्टरच्या बारीक कॅपॅसिटरमधून (चार्ज साठवणाऱ्या भागातून) अगदी थोडा करंट येतो आणि टेस्टर मंद पेटतो. बिघाडाचं लक्षण म्हणून ते धरू नका.

मग खरी परीक्षा कोणती? अदलाबदल. तिला मीटर लागत नाही आणि तिच्यात कुणाला काही लपवता येत नाही. बंद पॅनेल शेजारच्या चालू पॅनेलच्या ड्रायव्हरला जोडायचं, आणि चालू पॅनेल बंद जागेवरच्या ड्रायव्हरला. बंद पॅनेल दुसऱ्या ड्रायव्हरवर पेटलं, तर ते चांगलं आहे आणि दोष ड्रायव्हरचा किंवा पिनेचा. चालू पॅनेल बंद जागेवर अंधारात राहिलं, तर ड्रायव्हर गेला किंवा त्याला सप्लायच येत नाही. दोन्ही पॅनेल एकाच वॉटची आणि दोन्ही ड्रायव्हरांवर तेच आकडे छापलेले हवेत, एवढीच अट.

करताना मात्र घाई नको. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असलं तर बंद दिव्यातही फेज जिवंत असतो. डीबीतला (एमसीबींच्या पेटीतला) त्या सर्किटचा एमसीबी खाली पाडा, मग टेस्टरने खात्री करा, आणि पाच मिनिटं थांबा. ड्रायव्हरच्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. चालू ड्रायव्हरला पॅनेल कधीच जोडू नका, कारण तो चढलेल्या व्होल्टेजवर बसलेला असतो आणि पॅनेल जोडताक्षणी साठलेला चार्ज एकदम एलईडीत शिरतो. चांगलं पॅनेल असं मारलं जातं आणि मग ‘बघा, हेही गेलं’ म्हणायला मोकळं. पॅनेल उतरवताना दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग जोरात मिटतात. बोटं स्प्रिंगच्या बाहेर ठेवा आणि पॅनेल सरळ खाली ओढा. तिरकं ओढलं की पीओपीची कड तुटते. पिन काळी दिसली तर घासून दिवस ढकलू नका, पिनेची जोडी नवीन बसवून घ्या. खाडीकडची दमट हवा आणि पावसाळ्यात वरच्या स्लॅबची ओल, यामुळे आपल्याकडे ही पिन ड्रायव्हरच्या आधी दगा देते, असं वायरमन मंडळी सांगतात.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. हे सगळं बाहेर वेगळा ड्रायव्हर असलेल्या पॅनेलचं आहे. ज्या दिव्यात वेगळा ड्रायव्हर नसतो, २३० व्होल्ट थेट एलईडीच्या प्लेटवर येतात, तो घरी उघडू नका. तिथे प्लेटवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी असतो. एलईडीवर काळा ठिपका पडलेला शोधून तो शॉर्ट करायचा जुगाड लोक करतात. अशा दिव्यात तो जिवावर बेतू शकतो.

ड्रायव्हर विकत घेताना दुकानदाराला ‘१२ वॉटचा द्या’ एवढंच सांगू नका, जुना सोबत न्या. आधी करंट जुळवा: ३०० मिलीअँपिअरच्या जागी ३०० च. ४५० चा लावला तर दिवा सुरुवातीला झकास उजळतो आणि काही महिन्यांत एलईडी काळे पडतात. त्यानंतर व्होल्टेजची मर्यादा. पॅनेलला ३६ व्होल्ट लागत असतील तर २४ ते ४२ चा ड्रायव्हर बरोबर बसतो. १२ ते १८ वॉटचा म्हणून मिळणाऱ्या ड्रायव्हरची मर्यादा अनेकदा ३६ पासून सुरू होते. पॅनेल त्या उंबरठ्यावर पडलं की लुकलुकतं, आणि पुन्हा फोन करावा लागतो. ड्रायव्हरवर आयएस १५८८५ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा. तो नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की नोंदणी कुणाची, कुठल्या वस्तूची हे दिसतं. या घरातल्या ‘नव्या’ ड्रायव्हरांच्या स्टिकरवर यातलं काहीही नव्हतं. बसवताना ड्रायव्हर पॅनेलच्या गरम पाठीला टेकवू नका, वीतभर लांब ठेवा. ड्रायव्हर मरतो तो बहुतेक वेळा आतल्या कॅपॅसिटरमुळे, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. गेलेला ड्रायव्हर उघडला की डोकं फुगलेला कॅपॅसिटर बहुधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

बिलाकडे परत येऊ. जीएसटी लावायचा तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूलच करता येत नाही. इथे १,२९६ रुपये जीएसटी म्हणून घेतले आणि क्रमांकाची जागा कोरी. पैसे देण्याआधी हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. कंपनीचा नंबरही इंटरनेटवर शोधू नका; खोक्यावर, पॅनेलच्या पाठीवर किंवा मूळ बिलावर छापलेला असतो तोच लावा. वॉरंटी बघायला लागणारं उत्पादनाचं महिना-वर्षही तिथेच सापडतं. काढलेला प्रत्येक सुटा भाग तुमच्या मालकीचा आहे. काम सुरू होण्याआधीच सांगा की जुने सगळे नग मोजून इथे ठेवायचे. हे ऐकल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याला व्हिजिटचे पैसे देऊन वाटेला लावा.

फसवणूक झालीच असेल तर बिल, यूपीआयची पावती, तो नंबर आणि जुन्या-नव्या ड्रायव्हरांचे फोटो जपून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले आणि नंबर बनावट सर्व्हिस सेंटरचा निघाला, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. इथे तास मोलाचे असतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

राहिला बाराशेचा एमसीबी, आणि या सगळ्यात खरी काळजी त्याचीच आहे. दिव्यांच्या सर्किटवर आधी ६ अँपिअरचा होता. त्याने तो काढून ३२ चा बसवला, ‘सर्ज झेलतो’ म्हणून. एमसीबी सर्ज झेलण्यासाठी नसतोच. जास्त करंट वाहू लागला की तो पडतो आणि वायर वाचवतो. १२ वॉटची आठ पॅनेल मिळून ९६ वॉट, म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही. दिव्यांना टाकलेल्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर ६ किंवा फार तर १० अँपिअरचा एमसीबी हवा. ३२ चा असला की पीओपीच्या आत वायर तापून इन्सुलेशन वितळेल, तरी तो पडणार नाही. तुमच्याकडे असं कुणी काम करून गेलं असेल तर आज डीबी उघडून दिव्यांच्या एमसीबीवरचा आकडा वाचा. बी किंवा सी या अक्षरापुढे ६ किंवा १० असेल तर ठीक. २०, २५ किंवा ३२ दिसला तर तो खाली पाडून ठेवा आणि परवानाधारक वायरमनकडून बदलून घेईपर्यंत ते सर्किट वापरू नका.