मेडिकेड एनरोलमेंट: स्वतःच्या नावावर की क्लिनिकच्या नावावर?

अमेरिकेत फिजिओथेरपीची स्वतंत्र प्रॅक्टिस काढायची ठरली की मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) पोर्टलवर पहिलाच प्रश्न येतो: अर्ज व्यक्ती म्हणून की ग्रुप म्हणून? बरेच जण "सध्या तर मी एकटाच आहे" म्हणत पहिला पर्याय निवडतात आणि पुढे जातात. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत आणि पैसे दोन्हीकडून येतात. फरक कळतो तो साधारण वर्षभराने, आणि तोवर बदल महाग झालेला असतो.

परीक्षा, क्रेडेन्शियल तपासणी आणि राज्याचं लायसन्स हे टप्पे ओलांडलेत असं गृहीत धरतो. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण पहिल्या वाटेची बाजूही लंगडी नाही.

स्वतःच्या नावावर, म्हणजे सोल प्रोप्रायटर म्हणून गेलात तर कागद मोजके लागतात. तुमचा टाइप-१ एनपीआय (उपचार करणाऱ्या व्यक्तीचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), लायसन्स, मालप्रॅक्टिस पॉलिसी (उपचारातल्या चुकांचा विमा), डब्ल्यू-९ (नाव आणि टॅक्स नंबर कळवण्याचा फॉर्म) आणि बँकेचं पत्र, एवढ्यावर भागतं. फाइल एकच राहते. पाच वर्षांत किमान एकदा करावं लागणारं रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीची फेरतपासणीही, एका फाइलपुरतीच येते. वेगळं टॅक्स रिटर्न नाही, स्वतःच्या रिटर्नला जोडायच्या शेड्यूल-सीवर काम होतं. काउंटीत डीबीए (धंद्याचं वेगळं नाव) नोंदवून दारावर हवं ते नाव लावता येतं. मात्र सोल प्रोप्रायटरला टाइप-२ (संस्थेचा) एनपीआय मिळत नाही. दारावर काहीही लिहिलेलं असो, नियमाच्या लेखी क्लिनिक म्हणजे तुम्हीच. ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) काढला तरी डब्ल्यू-९च्या पहिल्या ओळीत तुमचंच नाव जातं.

क्लिनिकच्या नावावर जायचं तर आधी राज्यात पीसी (प्रोफेशनल कॉर्पोरेशन) किंवा पीएलएलसी (व्यावसायिकांची मर्यादित जबाबदारीची कंपनी, म्हणजे एलएलसीचाच प्रकार) स्थापायची, मग ईआयएन, मग टाइप-२ एनपीआय, मग क्लिनिकच्या नावाचं बँक खातं. हा क्रम उलटा केला की एखादा कागद हमखास परत येतो. बहुतेक राज्यांच्या पोर्टलवर यानंतर दोन फाइली होतात: बिलिंग करणारा ग्रुप आणि उपचार करणारे तुम्ही. दुसरी फाइल पहिलीला जोडावी लागते. ही जोडणी राहून जाणं हे नव्या क्लिनिकचे पहिले क्लेम नाकारले जाण्याचं एक नेहमीचं कारण. दोन्ही फाइली मंजूर दिसत असतात, त्यामुळे चूक कुठे आहे ते लवकर सापडत नाही. मेडिकेअरचं (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची केंद्रीय विमा योजना) याबाबतीत सोपं आहे. एकाच मालकाची पीसी किंवा एलएलसी असेल तर एका ८५५आय (व्यक्तीच्या) अर्जावर भागतं, ८५५बी (ग्रुपचा) भरावा लागत नाही.

ग्रुपच्या अर्जात मालकीचा खुलासा असतो. पाच टक्के किंवा जास्त वाटा असलेला प्रत्येक जण आणि कारभार बघणारा प्रत्येक जण, त्यांची जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर आणि एकमेकांशी नातं. नवरा किंवा बायको हिशेब आणि बँक सांभाळत असेल, तर कागदावर पगार नसला तरी "मॅनेजिंग एम्प्लॉयी" म्हणून नाव द्यायचं. घरचंच माणूस म्हणून वगळलेलं नाव पुढे तपासणीत निघालं तर ते खोटी माहिती दिल्यासारखं दिसतं.

आता राज्यं. कॅलिफोर्नियात एलएलसीचा प्रश्नच नाही. फिजिओथेरपीसारखी व्यावसायिक सेवा तिथे एलएलसीतून देता येत नाही, प्रोफेशनल कॉर्पोरेशनच काढावं लागतं, आणि पहिलं वर्ष सोडलं तर दर वर्षी किमान ८०० डॉलर फ्रँचायझी टॅक्स. टेक्सासमध्ये पीएलएलसी सरसकट चालते.

न्यूयॉर्कमध्ये थोडं थांबायला हवं. तिथे पीएलएलसी काढली की १२० दिवसांच्या आत काउंटीतल्या दोन वर्तमानपत्रांत, एक दैनिक आणि एक साप्ताहिक, सलग सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते. मग ५० डॉलर भरून त्याचं प्रमाणपत्र दाखल करायचं. मॅनहॅटनच्या पत्त्यावर या जाहिरातीचा खर्च आल्बनीच्या कितीतरी पट होतो. पीसीला ही जाहिरात नाही. पीएलएलसी "आधुनिक" वाटते म्हणून निवडणाऱ्यांना बहुधा हे सहाव्या आठवड्याचं बिल आल्यावर कळतं. न्यूयॉर्कमध्ये पीसी बरी, असं मला वाटतं.

एकट्या मालकाच्या पीएलएलसीत आणखी एक खाच आहे. काहीच निवडलं नाही तर आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) अशा पीएलएलसीला वेगळी मानत नाही, टॅक्सपुरते तुम्ही आणि ती एकच. मग डब्ल्यू-९च्या पहिल्या ओळीत पुन्हा तुमचंच नाव येतं, क्लिनिकचं दुसऱ्या ओळीत. पोर्टल मात्र टॅक्स नंबर आणि नाव यांची जोडी क्लिनिकच्या नावाने शोधत असतं. म्हणजे खर्च कंपनीचा आणि कटकट सोल प्रोप्रायटरची. यातून सुटायचं तर पीसी काढा किंवा फॉर्म २५५३ भरून एस-कॉर्प (नफ्यावरचा टॅक्स भागधारकांच्या रिटर्नमध्ये जातो असा प्रकार) निवडा. सुरुवातीपासून २ महिने १५ दिवसांची मुदत असते. टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असाल तर एस-कॉर्पचे भागधारक होता येत नाही, तेवढं सीएला विचारून घ्या.

इथवर पारडं तसं समान आहे. उलट खर्च आणि कागद पाहिले तर स्वतःच्या नावाची वाट हलकीच. माझ्यासाठी निकाल लागतो तो दुसरा थेरपिस्ट घेताना.

एकट्याने काम सुरू झालं, पेशंट वाढले, आणि आठवड्यातून तीन दिवस हात द्यायला कोणी ठेवायचं ठरलं. बहुतेक राज्यांत मेडिकेडला आता ग्रुप हवा. म्हणून कंपनी, ईआयएन, टाइप-२ एनपीआय, सगळं नव्याने. मेडिकेडचा आयडी टॅक्स नंबर आणि बिलिंग एनपीआयला बांधलेला असतो, तो जुन्यावरून नव्यावर सरकत नाही. नवा अर्ज, नवी लागू तारीख. त्यावर प्रत्येक मॅनेज्ड केअर प्लॅनशी (राज्याच्या वतीने मेडिकेड चालवणारी विमा कंपनी) नवा करार, कारण जुना करार तुमच्याशी होता, क्लिनिकशी नाही. दरम्यान एखाद्या प्लॅनने त्या भागातलं पॅनेल बंद केलं, म्हणजे नवे थेरपिस्ट घेणं थांबवलं असेल, तर आत असलेले तुम्ही बाहेर पडता.

त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे प्रायर ऑथरायझेशन, उपचारांआधी घ्यायची मंजुरी. मोठ्यांसाठी फिजिओथेरपी हा मेडिकेडमधला ऐच्छिक लाभ आहे, राज्यागणिक मर्यादा वेगळी. २१ वर्षांखालच्या मुलांना मात्र ईपीएसडीटीखाली (मुलांसाठीचा मेडिकेडचा बंधनकारक लाभ) गरजेप्रमाणे द्यावीच लागते. म्हणून मेडिकेडवर चालणाऱ्या क्लिनिकात मुलांचं काम मोठं असतं, आणि अशा दीर्घ उपचारांना बहुधा आगाऊ मंजुरी लागते. समजा एका मुलाला २४ सेशन मंजूर आहेत, त्यातली ९ झाली. मंजुरीच्या कागदावर बिलिंग एनपीआय तुमचा आहे. पुढच्या सोमवारपासून क्लेम क्लिनिकच्या एनपीआयने जायला लागले की उरलेली १५ सेशन सिस्टीमला दिसत नाहीत. जुनी मंजुरी बंद करून घ्या, उरलेल्या १५ साठी नवी मागा, ताजं मूल्यमापन जोडा, डॉक्टरांची सही पुन्हा आणा. एका मुलाचं चालून जातं. तीस मुलं असतील तर महिनाभर क्लिनिकमध्ये उपचारांपेक्षा फॅक्स जास्त चालतो.

मधल्या काळातले पैसे पालकांकडून घेता येत नाहीत. मेडिकेडचा प्रोव्हायडर म्हणून मेडिकेड देईल ती रक्कम पूर्ण मानण्याचं बंधन तुमच्यावर असतं. क्लेमचं घड्याळही थांबत नाही. न्यूयॉर्कमध्ये सेवेच्या तारखेपासून ९० दिवस, टेक्सासमध्ये ९५, कॅलिफोर्नियात सेवेचा महिना संपल्यापासून ६ महिने. मंजुरी नव्या नंबरवर येईतो यातले दोन महिने सहज जातात.

हे सगळं क्लेमच्या फॉर्मवर बघा. सीएमएस-१५०० वर २४-जे चौकटीत उपचार करणाऱ्याचा एनपीआय, ३३-ए मध्ये बिल करणाऱ्याचा, २५ मध्ये टॅक्स नंबर. पहिल्या दिवसापासून ३३-ए आणि २५ क्लिनिकचे असतील, तर नवा थेरपिस्ट आल्यावर बदलते ती फक्त २४-जे. त्याची स्वतःची फाइल उघडून ग्रुपला जोडायची, संपलं. स्वतःच्या नावावर असाल तर २४-जे आणि ३३-ए मध्ये एकच आकडा असतो, आणि दुसरं माणूस आलं की तिन्ही चौकटींना हात लावावा लागतो.

जागेची पाहणी मात्र दोन्ही वाटांवर सारखीच. फिजिओथेरपिस्ट, एकटा असो की ग्रुप, मध्यम जोखमीच्या गटात येतो, म्हणून मंजुरीआधी कोणीतरी न सांगता येऊन जागा बघून जातं. दारावर नाव, वेळेची पाटी आणि त्या वेळेत आत माणूस, या तीन गोष्टींत घोडं अडतं. पाटीवर ९ ते ५ लिहायचं आणि दुपारी पेशंटच्या घरी जाऊन उपचार करायचे, तर दार बंद सापडतं आणि अर्ज फेटाळला जातो. खरी वेळ मंगळवार-गुरुवार २ ते ६ असेल तर तीच लिहा, त्यात कमीपणा काही नाही. जिममधला कोपरा भाड्याने घेणाऱ्यांनी करारात तुमच्या तासांना ती जागा फक्त तुमच्या वापरात राहील हे स्पष्ट लिहून घ्यावं, मेडिकेअरचा नियमच तसा आहे. पोस्टाची पेटी किंवा व्हर्च्युअल ऑफिस चालत नाही.

मेडिकेअर आधी, मेडिकेड नंतर हा क्रम फायद्याचा पडतो. मेडिकेअरने केलेली छाननी राज्य ग्राह्य धरू शकतं, आणि एखादं राज्य ग्रुपकडून अर्जाची फी मागत असेल तर मेडिकेअरमध्ये असलेल्याला ती लागत नाही. दोन्ही योजना असलेल्या पेशंटचा क्लेम मेडिकेअरकडून मेडिकेडकडे आपोआप सरकायचा तर दोन्हीकडे एनपीआय आणि टॅक्स नंबरची जोडी तंतोतंत एकच हवी.

आपल्या लोकांची खास भानगड नावाची. महाराष्ट्रातल्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. लग्नानंतर लायसन्सवर एक आडनाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर दुसरं. स्वतःच्या नावाने गेलात तर पैसे घेणारेही तुम्हीच, म्हणजे लायसन्स, एनपीआयची नोंद, सोशल सिक्युरिटी, डब्ल्यू-९ आणि बँक अशा पाच ठिकाणी अक्षर न अक्षर जुळायला हवं. क्लिनिकच्या नावाने गेलात तर पहिली तीनच तुमच्या नावाची, उरलेली दोन क्लिनिकच्या. दुरुस्ती करायची तर आधी सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स बोर्ड, मग एनपीआय, मग सीएक्यूएच (विमा कंपन्या तुमची माहिती जिथे तपासतात ती सामायिक नोंद), याच क्रमाने. एनपीआयच्या नोंदीतला बदल ३० दिवसांत कळवायचा असतो.

क्लिनिकच्या नावातही एक बारीक गोम आहे. राज्याच्या प्रमाणपत्रावर "पीएलएलसी"च्या आधी बहुधा स्वल्पविराम असतो. आयआरएसच्या नोंदीत स्वल्पविरामाला जागाच नाही, त्यामुळे ईआयएन दिल्याच्या सीपी ५७५ पत्रावर तो गळून येतो. बँकेत आणि पोर्टलवर सीपी ५७५ वर आहे तसंच नाव टाका. ते पत्र नीट जपून ठेवा, हरवलं तर फोन करून १४७सी पत्र मागवावं लागतं.

मग स्वतःच्या नावाने कोणी जावं? नोकरी सांभाळून आठवड्यात चार-पाच घरी जाऊन उपचार करणाऱ्याने. निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेल्याने. ज्याला दुसरं माणूस ठेवायचंच नाही, असं मनाशी पक्कं आहे त्याने. अशांना कंपनीचा वार्षिक खर्च आणि दुहेरी फाइली म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम. मालप्रॅक्टिसची जबाबदारी कंपनी काढून टळते असंही नाही, स्वतःच्या हातून झालेल्या चुकीला स्वतःच उत्तर द्यावं लागतं. पॉलिसी दोघांनाही हवी, प्लॅन बहुधा एका दाव्याला दहा लाख आणि एकूण तीस लाख डॉलरची मागतात. क्लिनिक असेल तर पॉलिसीवर त्याचंही नाव घालून घ्या.

एच-वन-बीवर असलेल्यांना पहिली वाट जवळजवळ बंदच आहे. स्वतःच्या नावाने पेशंट घेणं म्हणजे परवानगीशिवाय काम. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमाने मालक असलेल्यालाही स्वतःच्या कंपनीतून एच-वन-बी मागता येतो, पण पहिल्या दोन मंजुऱ्या प्रत्येकी १८ महिन्यांच्याच, आणि त्यासाठी वेगळी कायदेशीर कंपनी लागते. हे मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

क्लिनिकच्या वाटेवर तारखा जास्त सांभाळाव्या लागतात, एवढं पदरात घ्यायचं. सीएक्यूएचवर दर १२० दिवसांनी पुन्हा सही. लायसन्सचं नूतनीकरण टेक्सास आणि कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये तीन. बोर्डाने नूतनीकरण केलं म्हणजे मेडिकेडच्या फाइलमधली मुदत बदललीच असं नाही. नवी तारीख पोर्टलवर तुम्हीच चढवा, आणि दोन दिवसांनी उघडून ती खरंच बदललेली दिसते का ते बघा.