टाकीचा दाब दाखवणारा स्कॅनर आणि स्मोक मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतर

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये इंधनाच्या वाफेसंबंधीचे बिघाडाचे कोड पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून मी दोन साधने घेतली. गाडीच्या संगणकाकडून माहिती घेण्याबरोबरच त्याला आज्ञाही देऊ शकणारा बायडायरेक्शनल स्कॅनर हे पहिले, आणि कमी दाबाने धूर सोडून गळतीची जागा दाखवणारे स्मोक मशीन हे दुसरे. आता दोन्ही बरेच महिने हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे, की एकच घेणे शक्य असेल तर स्कॅनर घ्यावा. आणि स्मोक मशीन असलेच, तरी स्कॅनरवरचा टाकीच्या दाबाचा आलेख पाहिल्याशिवाय ते गाडीला जोडू नये. (डिझेल ट्रक असणाऱ्यांना हे लागू नाही, डिझेलची वाफ इतकी कमी होते की त्या गाड्यांत वाफ साठवून जाळणारी ही यंत्रणा सहसा नसतेच.)

टाकीत तयार होणारी वाफ सक्रिय कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडला की तिथून ओढली जाऊन जळते. कॅनिस्टरला बाहेरची हवा व्हेंट व्हॉल्व्हमधून मिळते. वीज नसताना पर्ज बंद असतो आणि व्हेंट उघडा असतो, हे पक्के ध्यानात असले की पुढचे सारे सोपे जाते. तपासणीच्या वेळी संगणक व्हेंट मिटतो, पर्ज उघडून टाकीत किंचित निर्वात निर्माण करतो, मग पर्जही मिटून टाकीच्या दाबाचा सेन्सर काय सांगतो ते पाहतो. काही गाड्या हेच काम इंजिन बंद झाल्यावर, टाकी निवताना आपोआप बदलणाऱ्या दाबावरून करतात. यातले दाब फार लहान असतात. वातावरणाचा दाब सुमारे ४०७ इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, तर इथे सारा हिशेब मोजक्या इंचांचा असतो, आणि एक इंच म्हणजे जेमतेम २५० पास्कल. शोधायचे छिद्रही तसेच बारीक असते : ‘पी ०४४२’ हा कोड साधारण एक मिलिमीटरच्या आणि ‘पी ०४५६’ अर्ध्या मिलिमीटरच्या गळतीशी जोडलेला असतो.

स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यात नाही. ते काम स्वस्तातले यंत्रही करते. मी प्रथम टाकीचे झाकण काढून, चावी फिरवून, इंजिन सुरू न करता सेन्सरचा आकडा पाहतो. तो शून्याच्या आसपास नसेल, तर गळती शोधण्याआधी सेन्सर, त्याचा पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासावे लागते, कारण ज्या सेन्सरचे शून्यच चुकलेले आहे त्याच्या साक्षीवर पुढचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. त्यानंतर झाकण लावून, इंजिन आयडलवर ठेवून, व्हेंट मिटण्याची आणि पर्ज उघडण्याची आज्ञा देतो. आलेखाची रेघ खाली उतरली, पर्ज मिटल्यावर तिथेच टिकली, तर यंत्रणा घट्ट आहे. ती भरभर वर आली तर गळती आहे. मुळात उतरलीच नाही, तर पर्ज उघडत नाही, व्हेंट मिटत नाही, नळी तुंबली आहे किंवा गळती फार मोठी आहे. पर्जला आज्ञाच नसताना आणि व्हेंट मिटलेला असताना रेघ खाली सरकत असेल, तर पर्ज उघडा अडकला आहे. पेट्रोल भरल्यावर इंजिन सुरू व्हायला वेळ लागणे हे त्याचेच लक्षण. आणि व्हेंट उघडण्याची आज्ञा देऊनही निर्वात तसाच राहिला, तर हवा आत येण्याची वाट बंद आहे. अशा गाडीत पेट्रोल भरताना नोझल वारंवार आपोआप बंद पडते.

माझ्या ट्रकमध्ये ‘पी ०४५५’, म्हणजे मोठ्या गळतीचा कोड, आला होता आणि त्यासाठी माझ्या हाती येण्यापूर्वीच त्याचे झाकण नवे घातलेले होते. झाकण बदलणे हा या दुखण्यावरचा जणू नवसच झाला आहे. व्हेंटला आज्ञा दिली की ‘टक्’ असा आवाज स्पष्ट येई, पण आलेखाची रेघ जागची हलत नसे. आवाजाने व्हॉल्व्ह हलवणारी विजेची कॉइल काम करते एवढेच सिद्ध होते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर घट्ट बसतो की नाही, हे आवाज सांगत नाही. व्हेंट काढला तर आत बारीक वाळू सापडली. बऱ्याच पिकअपमध्ये हा व्हॉल्व्ह मागच्या बाजूला चासीजवळ, धूळ आणि चिखल उडतो नेमक्या त्याच ठिकाणी बसवलेला असतो, आणि कंपनीने तिथे ती जागा का निवडली असेल, याचे मला अजून नवल वाटते.

स्मोक मशीन उपयोगी पडले ते त्यानंतर, ‘पी ०४५६’ आल्यावर. आलेखाची रेघ सावकाश वर येत होती, म्हणजे गळती होती, पण कुठे ते आलेख सांगू शकत नव्हता. पेट्रोल भरण्याच्या नळीला धरणाऱ्या पट्टीखाली गंज चढला होता आणि तिथून धुराची बारीक रेषा निघाली. या यंत्रात मला धुरापेक्षा त्यावरचा प्रवाहमापक अधिक आवडला : त्याच्या नळीतली गोळी तळाशी बसली, म्हणजे धूर कुठूनच निसटत नसला, तर धूर शोधत गाडीखाली आडवे होण्याचे कारणच उरत नाही.

तक्रारीही आहेत. भरण्याच्या तोंडाला शंकू लावून धूर सोडला, तर खुद्द झाकणाची तपासणी राहून जाते. ती वेगळी करावी लागते. टाकी जवळजवळ रिकामी असेल, तर एवढी पोकळी धुराने भरायला फार वेळ लागतो. टाकीच्या माथ्यावरच्या जोडातून निघालेला धूर वरच्या लोडबॉडीला अडून भलतीकडून बाहेर पडतो. स्कॅनरने मिटलेला व्हेंट ठरावीक वेळाने आपोआप उघडतो, तेव्हा आज्ञा पुन्हा द्यावी लागते. दाब सुमारे १३ इंच पाण्याच्या, म्हणजे अर्ध्या पीएसआयच्या वर जाऊ देऊ नये, आणि साध्या कॉम्प्रेसरच्या हवेऐवजी नायट्रोजन वापरावा. पेट्रोलच्या वाफेत हवा भरली की पेट घेणारे मिश्रण तयार होऊ शकते. या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ही सूचना शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आहे, ते मला मुळीच पटलेले नाही.

स्कॅनरवर एकाच वेळी बरीच मापे निवडली की आलेख तुटक येतो. म्हणून मी टाकीचा दाब, इंधनाची पातळी, पर्जची टक्केवारी आणि व्हेंटची स्थिती, एवढीच ठेवतो. कोड पुसण्यापूर्वी फ्रीज फ्रेममधली, म्हणजे कोड आला त्या क्षणी संगणकाने नोंदवून ठेवलेली, इंधनाची पातळी लिहून घ्यावी, कारण कोड पुसला की तीही जाते. दुरुस्तीनंतर गाडीची स्वतःची तपासणी लगेच होत नाही. बहुतेक गाड्यांत इंजिन थंड असावे लागते, हवा फार गरम किंवा गार नसावी लागते आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान भरलेली असावी लागते. त्यामुळे ज्या स्कॅनरमध्ये ही तपासणी उभ्या गाडीवर आज्ञेने सुरू करता येते तोच निवडावा, आणि आपल्या ट्रकच्या मॉडेलसाठी ती सोय खरोखर आहे का, हे पैसे देण्यापूर्वी गाडीला जोडून पाहावे.