आरएफ २८ वर ठेवला आणि आजीच्या मागची भिंत गेली : हँडब्रेक आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हँडब्रेक म्हणजे व्हिडिओ पुन्हा एन्कोड करून लहान करायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, चांगलं आहे, आणि खाली जी चिडचिड दिसेल ती बहुतेक सगळी माझी माझ्यावरच आहे. कोडेक म्हणजे काय, एमकेव्ही की एमपी४ हे सगळं लिहीत बसत नाही, ज्याची डिस्क भरलीये त्याला ते एव्हाना पाठ झालेलं असतं.

तर झालं असं की दोन टीबीची डिस्क लाल दाखवायला लागली. नवीन घ्यायची नाही हे मी ठरवूनच बसले होते, कारण एक घेतली की तिच्या बॅकअपला अजून एक लागते, म्हणजे दोन, आणि कशासाठी तर मुलं झोपाळ्यावरून उतरत नाहीयेत याचे वीस-वीस मिनिटांचे फोर-के व्हिडिओ ठेवायला. म्हटलं एच.२६५ मध्ये, म्हणजे जुन्या एच.२६४ पेक्षा कमी जागेत व्हिडिओ बसवणाऱ्या पद्धतीत, आवळून टाकू सगळं. कुठेतरी वाचलं की एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर) चा डिफॉल्ट सीआरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, हँडब्रेकमध्ये त्यालाच आरएफ म्हणतात, २८ आहे, तो एक्स२६४ (एच.२६४ चा एन्कोडर) च्या २३ सारखा दिसतो आणि साइज साधारण निम्मी होते. झालं की मग काम! स्लायडर २८ वर, प्रीसेट (एन्कोडरने किती घाई करायची ते) फास्ट, दीडशे-दोनशे फायली रांगेत. झाल्यावर फोनवर चार उघडून बघितल्या, मस्त दिसल्या, ओरिजिनल उडवल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला, एवढा उत्साह.

दोन महिन्यांनी टीव्हीवर लावलं. आजी माझ्या लेकीला गोष्ट सांगतेय, नाइट लॅम्पच्या उजेडात, मागे नुसती भिंत. तीन मिनिटं दहा सेकंद. फोनमधली मूळ फाइल साडेपाचशे एमबीच्या आसपास होती, माझी झालेली ३१ एमबी, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता हे पण लिहून ठेवते. भिंतीवर पट्टे! नकाशात समुद्राची खोली दाखवतात ना, तसे एकात एक, लॅम्पभोवती. आजीने हात हलवला की पट्टे पण सरकतात, भिंतीचा एखादा चौकोन हाताला चिकटल्यासारखा थोडा मागे राहतो, आणि दर आठ-दहा सेकंदांनी कीफ्रेम (नव्याने पूर्ण साठवलेलं चित्र) आली की अख्खी भिंत टुक करून बदलते. एकदा ते टुक दिसलं की गोष्ट ऐकूच येत नाही, आपण पुढच्या टुकची वाट बघत बसतो. आजी आता नाहीये. तिचं असं दुसरं शूटिंग पण नाही.

दादाला दाखवलं तर म्हणाला, "अगं टीव्हीचा ब्राइटनेस कमी कर ना." त्याच्याकडून आणखी काही अपेक्षा नव्हती.

मग मी भिंतींच्या मागे लागले. ८-बिट व्हिडिओत उजेडाच्या पायऱ्या २५६, त्यातही साधारण १६ ते २३५ एवढ्याच वापरतात. अंधारी भिंत त्यातल्या जेमतेम पंधरा-वीस पायऱ्यांत बसते, आणि मोठ्या टीव्हीवर एकेक पायरी वीतभर रुंद होते. मूळ फाइलमध्ये त्या दिसत नाहीत कारण फोनच्या सेन्सरचा अंधारातला बारीक नॉइज, तो मुंग्या आल्यासारखा दिसतो तो, त्या पायऱ्यांच्या कडा झाकून ठेवतो. आणि २८ वर एन्कोडर सगळ्यात आधी काय फेकतो? तोच नॉइज. त्याच्या हिशोबाने ती अडगळ, बिट खाणारी. म्हणजे भिंत 'स्वच्छ' झाली म्हणूनच पट्टे उघडे पडले. फोनच्या सहा इंचावर हे कुणाच्या बापाला दिसणार नाही. हँडब्रेकच्या स्वतःच्या माहितीत फोर-केसाठी २२ ते २८ असा पल्ला दिलाय, म्हणजे मी अगदी कडेला जाऊन उभी होते आणि वर प्रीसेट फास्ट.

यानंतर घाबरून जे माणूस करतं ते केलं. उरलेल्या फायलींना आरएफ १६. लक्षात असू द्या, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, आणि साधारण सहाने उतरलात की साइज दुप्पट होते. रात्रभर लॅपटॉपचा पंखा बोंबलत होता आणि सकाळी बघते तर ४१० एमबीच्या क्लिपची ६०० च्या वर गेलेली. ओरिजिनलपेक्षा मोठी, आणि ओरिजिनलपेक्षा चांगली तर होऊच शकत नाही! तेव्हा डोक्यात उजेड पडला की फोन आधीच एच.२६५ मध्ये शूट करतोय, फोर-के ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबीच्या आसपास, आणि मी १६ वर एन्कोडरला सांगतेय की त्या नॉइजचा दाणा न दाणा जप. पिळून वाळत घातलेलं फडकं परत पिळण्यातला प्रकार.

इथपर्यंत माझं मत होतं की हा सगळा उद्योगच फालतू आहे. ते बदललं दोन गोष्टींनी.

एक म्हणजे १०-बिट. एन्कोडरच्या यादीत एच.२६५ च्या खालीच एच.२६५ १०-बिट असतं, मी इतके महिने ते एचडीआरवाल्यांसाठी असेल म्हणून सोडून देत होते. मूळ व्हिडिओ ८-बिट असला तरी १०-बिटमध्ये एन्कोड केलं तर पायऱ्या १०२४ मिळतात, एन्कोडरचं आतलं राउंडिंग बारीक होतं आणि पट्टे खूप कमी येतात. साइजमध्ये नाव घेण्यासारखा फरक नाही. फक्त जुन्या टीव्हीवर चालतंय का ते आधी एका फाइलवर बघा. त्याच्या जोडीला अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या डब्यात एक्यू-मोड ३ लिहिलं, त्याने अंधाऱ्या भागाला जास्त बिट मिळतात. वाढदिवसाची एक क्लिप होती, दिवे घालवून नुसत्या मेणबत्त्या, मागे तशीच भिंत. तिचे तीस सेकंद काढले (रेंजमध्ये सेकंद टाकता येतात, पूर्ण फाइल कशाला भाजायची) आणि २०, २२, २४, २६ असे चार तुकडे केले. टीव्हीवरच बघितले, अंधार करून. २६ ला लॅम्पवाली भिंत परत आठवली. २४ ला मला दिसतंय, बाकी घरात कुणालाच दिसत नाही. २२ ला मलाही नाही. पॉज करून करून तुलना करू नका, मी एक अख्खा रविवार त्यात घालवला. एखादी बी-फ्रेम (आजूबाजूच्या फ्रेमांवरून बनवलेली) थांबवून बघितली तर घाणच दिसते, चालत्या चित्रात ती कळत पण नाही.

प्रीसेट स्लो ठेवला. इथे एक गंमत, स्लो केलं की फाइल लहान होते असं मी धरून चालले होते. तसं नेहमी होत नाही, एक्स२६५ मध्ये त्याच आरएफला स्लोची फाइल मीडियमपेक्षा मोठी पण येते, कारण तो बारीक डिटेल जास्त धरून ठेवतो. आरएफचा आकडा म्हणजे साइजचं वचन नाही. २२ लाच माझी भिंतीची क्लिप मिनिटाला ४० एमबी आणि झाडाची पानं हलतायत ती मिनिटाला दीडशेच्या वर.

वेळेबद्दल रडगाणं थोडक्यात. माझा लॅपटॉप स्लोला सेकंदाला तीनेक फ्रेम करतो. तासाभराच्या व्हिडिओत १,०८,००० फ्रेम, म्हणजे दहा तास. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर तेच तासाच्या आत करतो, पण तेवढ्याच साइजला भिंत परत पट्टे पट्टे, आणि त्याचा २२ हा वेगळाच २२ असतो, दोन्ही आकडे एकमेकांशी जुळवायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट कळली ती लाज वाटण्यासारखी आहे. डिस्क फोनने भरलीच नव्हती. भरली होती जुन्या कॅमेऱ्याने, तो एच.२६४ मध्ये १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. त्या फायली २२ वर चौथाईच्या आसपास आल्या आणि मला आजतागायत फरक सापडलेला नाही. खरा फायदा होता तो इथे, आणि मी आठ महिने फोनच्या ४०० एमबीवाल्या क्लिपांचं रक्त आटवत होते. त्यातही एन्कोडच्या आधी नुसतं कापलं, खिशात ठेवून चालू राहिलेला कॅमेरा, जमिनीचं शूटिंग, "चालू आहे का रे?" ची सुरुवातीची दोन मिनिटं, तर कुठल्याही स्लायडरपेक्षा जास्त जागा सुटली. कापताना री-एन्कोड न करणारं टूल वापरा, हँडब्रेक ते करत नाही.

आता माझं असं आहे: फोनच्या क्लिपांना हात लावत नाही. कॅमेऱ्याचं सगळं १०-बिट, स्लो, घरातलं नि रात्रीचं २२ ला, उन्हातलं २४ ला. ओरिजिनल तीन महिने वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि टीव्हीवर बघितल्याशिवाय डिलीट नाही. डिस्क पुन्हा हिरवी झालीये, दुसरी घेतलेली नाही.

आजीची क्लिप ३१ एमबीचीच आहे. परत १०-बिटमध्ये करून बघितली, गेलेलं परत येत नाही, फक्त पट्टे १०-बिटमध्ये नीट जपले गेले. ती आता एमपीव्ही नावाच्या प्लेअरमध्ये लावते आणि बी दाबते, त्याने डीबँड, म्हणजे पट्टे पुसणारं फिल्टर, चालू होतं, भिंत बऱ्यापैकी मऊ होते. टुक मात्र तसंच आहे. लेक शेजारी बसलेली असते, तिला काही दिसत नाही, ती म्हणते आवाज वाढव.