रोलिंग शटर आणि सरकत्या खिडक्यांसाठी वायरलेस सेन्सर : सांगलीच्या घरांच्या हिशोबाने

विश्रामबागेत किंवा मिरजेकडच्या वसाहतींत बंगल्यांची रचना बऱ्यापैकी ठरलेली असते: खाली गाडीचं लोखंडी रोलिंग शटर, मागे-पुढे तीन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम खिडक्या, वर राहती जागा. हा आढावा अशाच घरासाठी आहे, कारण ऑनलाइन 'गॅरेज डोअर सेन्सर' शोधलं की जे आधी दिसतं ते भलत्याच दारासाठी बनलेलं असतं.

तो तिरकेपणा ओळखणारा सेन्सर असतो. अमेरिकेतलं गॅरेजचं दार वर उचललं की छताखाली आडवं होतं. सेन्सर उभा असेल तर दार बंद, आडवा झाला तर उघडं. आपलं शटर ड्रमवर गुंडाळतं. खालची प्लेट पार वर पोचेपर्यंत उभीच राहते, म्हणून तिच्यावरचा तिरकेपणाचा सेन्सर शटर सताड उघडं असतानाही 'बंद' सांगतो. वरच्या पट्ट्यांवर लावला तर पहिल्याच फेऱ्यात गुंडाळीत चिरडतो. अख्खं पान वर उचललं जाणारं दार असेल तरच तो घ्यावा. शटरसाठी त्यावर पैसे घालू नयेत.

उरतो चुंबकाचा सेन्सर. मोठ्या तुकड्यात काचेच्या नळीतला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच, छोट्यात चुंबक. अकारा कंपनीचा नेहमीचा झिगबी (कमी विजेवर चालणारी वायरलेस पद्धत) डोअर सेन्सर २२ मिमीपर्यंतचं अंतर धरतो. लाकडी चौकटीवर किंवा ॲल्युमिनियमवर हे अंतर खरं ठरतं. शटरवर ठरत नाही, कारण लोखंडी पत्रा चुंबकाचं क्षेत्र स्वतःत ओढून घेतो आणि पल्ला बराच आखडतो. त्यात शटर गाईड चॅनेलमध्ये पुढेमागे हलतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की पत्रा थडथडतो आणि फोनवर 'उघडलं, बंद झालं' अशा सूचनांची रांग लागते. चुंबकाखाली लाकडाची किंवा ॲक्रिलिकची १० मिमी पट्टी घातली तर फरक पडतो, पण हा तात्पुरता इलाज.

शटरसाठी आमची शिफारस जोडकामाची आहे. चोरघंटीचं सामान विकणाऱ्यांकडे शटरसाठीचा जाड, धातूच्या खोक्यातला वायरवाला चुंबकी कॉन्टॅक्ट मिळतो. तो मॉडेलप्रमाणे ५० ते ७५ मिमी अंतर धरतो, त्यामुळे पत्र्याचं हलणं त्याला सहज पचतं. चुंबकाचा भाग शटरच्या खालच्या प्लेटला आतून, कॉन्टॅक्ट त्याच्यासमोर फरशीवर किंवा चॅनेलच्या पायथ्याशी. त्याच्या दोन वायरी भिंतीवरून वर नेऊन वायरलेस सेन्सरला जोडायच्या. काही सेन्सरना बाहेरच्या कॉन्टॅक्टसाठी टर्मिनल असतात, ते असतील तर उत्तम. नसतील तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून रीड स्विचच्या दोन पायांना समांतर दोन वायरी डाग देऊन घेता येतात. वॉरंटी जाते, हे धरून चालावं.

कॉन्टॅक्ट घेताना एक चाचणी दुकानातच करा. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, चुंबक जवळ आणल्यावर बीप वाजली पाहिजे आणि दूर नेल्यावर थांबली पाहिजे. उलटा वागणारा कॉन्टॅक्ट समांतर जोडणीत चालणार नाही. पाकिटावरच्या 'एनओ' (एरवी उघडा) आणि 'एनसी' (एरवी जुळलेला) या अक्षरांवर विसंबू नका, दोन कंपन्या ती उलटसुलट वापरतात. मीटर खरं सांगतो.

बसवताना दुतर्फी टेपवर भागवू नये. शटरच्या धक्क्यांनी टेप सुटतेच. खालच्या प्लेटवर ३.२ मिमीचे ॲल्युमिनियम पॉप रिव्हेट मारावेत. चुंबकाची जागा अशी धरावी की शटर फरशीला टेकल्यावरच कॉन्टॅक्ट जुळेल. पल्ला मोठा असल्याने आधी हाताने तपासा: शटर चार बोटं वर असतानाही 'बंद' दिसत असेल तर चुंबक बाजूला सरकवा. आणि 'बंद' म्हणजे 'कुलूप लागलं' असं हा सेन्सर कधीच सांगत नाही. कोयंडा किंवा बाजूचं लॉक रात्री पाहावंच लागतं.

या जोडणीचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. गावभाग, मारुती चौक या भागांनी २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे, आणि महापूर नसला तरी मुसळधार पावसात तळमजल्यावर वीतभर पाणी येणं नवं नाही. राळेत सीलबंद केलेला कॉन्टॅक्ट भिजला तरी बहुधा वाचतो. सेल आणि सर्किट असलेला भाग पाच-सहा फुटांवर असतो. सगळाच सेन्सर फरशीजवळ चिकटवला असेल तर पहिल्याच पाण्यात तो गेला. मात्र पुरात घर सोडून गेल्यावर हे सेन्सर राखण करतील, ही अपेक्षा ठेवू नका. बुडालेल्या भागाची वीज बंद केली जाते, आणि इन्व्हर्टर संपला की राउटर आणि हब (सेन्सरचे संदेश गोळा करणारा डबा) मुके होतात.

खिडक्यांना तयार सेन्सर छान चालतो, अडचण जागेची असते. तीन ट्रॅकमध्ये दोन काचेचे सरकते पल्ले आणि एक जाळीचा. दोन्ही काचा सरकतात, म्हणून एका खिडकीला दोन सेन्सर लागतात. एक काच कधीच उघडत नसेल तर तिला पिन लॉक मारून एका सेन्सरवर भागवा. जाळी सहसा आतल्या ट्रॅकवर असते आणि काचेच्या फ्रेमवर चिकटवलेला सेन्सर तिला अडतो. अशा वेळी सेन्सर बाजूच्या चौकटीवर लावावा आणि सोबतच्या जाड चुंबकाऐवजी २ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक काचेच्या फ्रेमला चिकटवावं. आधी कागदी टेपने लावून जाळी पूर्ण सरकवून पाहा. जुन्या वाड्यांच्या झडपांच्या खिडक्यांना सेन्सर बिजागरीच्या बाजूला लावू नका, तिथे झडप वीतभर उघडली तरी अंतर फारसं बदलत नाही.

पावडर कोटिंगवर टेप चांगली बसते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घट्ट दाबा आणि पहिले २४ तास खिडकी जोरात आपटू नका. ऑइल पेंटवर पश्चिमेच्या उन्हात टेप रंगासकट निघते, तिथे स्क्रूच हवा.

आता रेडिओ. वायफायचा सेन्सर हबशिवाय चालतो आणि दोन-तीन दारांपुरता स्वस्त पडतो. तो झोपलेला असतो, दार हललं की जागा होऊन राउटरला जोडतो, म्हणून सूचना काही सेकंद उशिरा येते. राउटरचा पासवर्ड बदलला की प्रत्येक सेन्सर पुन्हा जोडावा लागतो. ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर सर्वांत स्वस्त, पण संदेश एकतर्फी जातो. तो पोचला की नाही हे सेन्सरला कळत नाही. चारपेक्षा जास्त जागा असतील तर झिगबी घ्यावा.

झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर, वायफायच्या शेजारीच चालतो. राउटर १ किंवा ६ चॅनेलवर ठेवून झिगबी २५ वर ठेवला तर दोघांची टक्कर टळते. खालचं शटर आणि वरच्या मजल्यावरचा हब यांच्यामध्ये सळयांचा स्लॅब येतो. जिन्यापाशी एक झिगबी स्मार्ट प्लग लावला की तो संदेश पुढे देतो. सेलवरचे सेन्सर असं करत नाहीत.

इथेच बहुतेकांची गफलत होते. वीज गेली की प्लग बंद, आणि त्याच्यामार्फत बोलणारा सेन्सर तुटतो. काही सेन्सर दुसरी वाट शोधतात, काही वीज येईपर्यंत हरवलेलेच राहतात. घरातल्या इन्व्हर्टरवर सहसा दिवे-पंखेच असतात. इलेक्ट्रिशियनकडून हब, राउटर आणि जिन्यातला प्लग या तिघांना इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. हबमध्ये स्वतःचा भोंगा असेल तर इंटरनेट गेलं तरी घरात आवाज होतो. फोनवरच्या सूचनेपेक्षा आम्ही त्या भोंग्याला जास्त मोल देतो.

ॲपवरचं 'बंद' हे शेवटच्या निरोपाचं चित्र असतं. सेन्सर मेला तरी ते तसंच दिसत राहतं. झिगबी सेन्सर अधूनमधून हजेरी देतो. ती चुकल्याचं कळवणारी व्यवस्था हवी. होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये झिगबी जोडणारा झेडएचए हा भाग वापरला तर सेलवरचं उपकरण ६ तास गप्प राहिल्यावर 'अनुपलब्ध' दाखवलं जातं, त्याच कामाच्या झिगबी टू एमक्यूटीटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात २५ तास असते. शटरसाठी ती कमी करून घ्या.

सेलकडेही बघून घ्या. अकाराच्या त्या मॉडेलला सीआर१६३२ लागतो, तो प्रत्येक दुकानात मिळत नाही; दोन जास्तीचे घरात ठेवा. सोनॉफ कंपनीच्या एसएनझेडबी-०४पी या झिगबी सेन्सरमध्ये मोठा सीआर२४७७ आहे आणि झाकण उघडल्याची सूचनाही मिळते, म्हणून शटरच्या जोडणीसाठी आमचा कौल त्याच्याकडे. खिडक्यांसाठी लहान अकारा. टक्केवारीवर भरवसा नको: लिथियम सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो आणि मग एकदम ढासळतो. दर वर्षी पावसाळ्याआधी शटरचा सेल बदलून टाकावा आणि जुना, अजून जीव असलेला, खिडकीच्या सेन्सरला चालत असेल तरच पुढे वापरावा. दोघांचे आकार वेगळे असतील तर तो दुसऱ्या कुठल्या रिमोटला द्यावा.